ओठ पुढे, आवाज मागे

मागच्या वर्षीच्या उत्सवातली पाचव्या दिवसाची रात्र आपल्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. आरती आणि प्रसाद झाल्यावर मंडपात पांढरा पडदा लावून १९९६ सालच्या गणेशोत्सवाची चित्रफीत दाखवायची, असे ठरले होते. त्या वर्षी गुरुजींनी आपल्याच गावात कीर्तन केले होते आणि कोणीतरी भाड्याचा कॅमेरा आणून ते टिपले होते. मी तेव्हा दहावीत होतो. मागे उभ्या असलेल्या टाळकऱ्यांत मीही आहे, मिशी फुटायच्या आधीचा.

गुरुजी जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांच्या घरच्यांनी मूळ कॅसेटवरून एका दुकानात सीडी करून घेतली होती, तीच लावली. पहिली दहा मिनिटे छान गेली. मग काहीतरी बिनसले. गुरुजींचे ओठ आधी हलायचे आणि शब्द नंतर यायचा. हात वर गेला की "पांडुरंग" ऐकू यायचे ते हात खाली आल्यावर. पुढे पुढे तर अंतर इतके वाढले की लहान मुले हसू लागली. पहिल्या रांगेत काकू बसल्या होत्या. त्या थोडा वेळ पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, "बंद करा रे. दिसतात तर तेच, पण हे ते नव्हेत."

प्रोजेक्टर मीच बंद केला. मी पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, पुढे सरकारी नोकरी लागली आणि सोल्डरिंगची कावी जाऊन हातात फाइल आली. तरी शिकलेले सगळेच विसरत नाही. "काकू, सीडी माझ्याकडे द्या, बघतो," असे म्हणून बसलो आणि त्यानंतरचे कितीतरी रविवार त्यात गेले. ते काम करताना ध्यानात आले की चित्र आणि आवाज यांची फारकत हे काही आजच्या कॉम्प्युटरचे दुखणे नाही. दोघांना एकत्र बांधून ठेवण्यासाठी माणसाने शंभराहून अधिक वर्षे खटपट केली आहे आणि त्यातली बरीच आपल्या मराठी माणसांनी केली आहे. स्मरणिकेच्या निमित्ताने तीच हकीकत सांगतो. गुरुजींच्या कीर्तनाचे काय झाले, ते शेवटी येईलच.

चित्र एकाचे, वाणी दुसऱ्याची

यंत्रे नव्हती तेव्हा ही अडचणच नव्हती. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथी सादर करतात. पोथीतले एकेक चित्र पुढे धरायचे आणि त्यावरची कथा गाऊन सांगायची. चित्र दाखवणारा आणि बोलणारा एकच. त्याची वाणी जिथे पोहोचली, तिथेच त्याचे चित्र पालटते. दोघांत अंतर पडणार तरी कसे?

पुढे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' नावाने जादूच्या दिव्याचे खेळ सुरू केले. काचेच्या पट्ट्यांवर रंगवलेली चित्रे दिव्याने पडद्यावर मोठी करून दाखवायची आणि बाजूला बसून संवाद, गाणी म्हणायची. इथे चित्र यंत्रातून येई, आवाज मात्र समोरच्या जिवंत माणसाचा असे. माणूस पडद्याकडे बघून बोलत असल्यामुळे मेळ सांभाळला जाई.

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला, तेव्हा चित्र हलू लागले होते, पण मुके होते. मूकपटाच्या काळात थिएटरांत पडद्याजवळ तबला-पेटी घेऊन वादक बसत. कॅमेरा हाताने फिरवायचा, प्रोजेक्टरही बहुधा हातानेच. सेकंदाला साधारण १६ फ्रेम धरत, पण फिरवणाऱ्याचा हात थकला की वेग उतरायचा. त्याने कुणाचे बिघडत नसे. चित्र हळू झाले की वादकही हळू वाजवत. थोडक्यात, तोवर चित्र आणि आवाज जुळवणारे यंत्र म्हणजे माणूसच होता. खरी अडचण आली ती आवाजही यंत्रात गेल्यावर.

दोन यंत्रे, एक वेळ

१९२७ साली अमेरिकेत 'द जॅझ सिंगर' आला. त्याचा आवाज फिल्मवर नव्हता, ग्रामोफोनच्या मोठ्या तबकडीवर होता. प्रोजेक्टर आणि तबकडी एकाच मोटरला जोडलेली. हजार फुटांचे रीळ सुमारे ११ मिनिटे चाले आणि तबकडीही तेवढीच. सुरुवातीला फिल्मवरची खूण आणि तबकडीवरची खूण जुळवून सुई ठेवायची. सुई घसरली किंवा फिल्म तुटून तिच्या चार फ्रेम गेल्या, की तिथून रीळ संपेपर्यंत नायकाच्या तोंडी नायिकेचा आवाज. त्यावर उपाय एकच असे. जितक्या फ्रेम फाटल्या, तितक्याच काळ्या फ्रेम तिथे जोडायच्या. पडदा क्षणभर अंधारा होई, पण पुढचा मेळ वाचे. हा उपाय वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे मला तोच उपयोगी पडला.

आपल्याकडचा पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. इंपीरियल कंपनीच्या अर्देशीर इराणींनी तो काढला. त्यांनी तबकडीचा मार्ग न घेता, चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर एकाच वेळी टिपणारा कॅमेरा वापरला. स्टुडिओजवळून आगगाड्या जात, म्हणून बरेचसे चित्रण रात्री करावे लागले. मायक्रोफोन लपवून ठेवलेले, वादक कुठे झाडाआड तर कुठे पडद्याआड. जे बोलले, गायले, ते त्याच क्षणी फिल्मवर उतरले. मेळ चुकायला जागाच नव्हती. दुर्दैव असे की 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

१९३२ हे वर्ष आपल्यासारख्या सीमेवरच्या लोकांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. त्या वर्षी कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीचा 'अयोध्येचा राजा' आला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे, तारामती दुर्गाबाई खोटे. पहिला मराठी बोलपट म्हणून तो आपल्याला माहीत असतो. पण प्रभातने तोच चित्रपट 'अयोध्या का राजा' म्हणून हिंदीतही काढला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. मराठी चित्रावर हिंदी आवाज चिकटवलेला नव्हता. तेच नट, तोच सेट, आणि चित्रण मात्र दोन्ही भाषांत वेगळे. म्हणजे मराठी बोलताना ओठ मराठी आणि हिंदी बोलताना ओठ हिंदी. प्रभातमध्ये ध्वनिमुद्रणाची बाजू विष्णुपंत दामल्यांनी सांभाळली. हेच दामले पुढे फत्तेलालांबरोबर १९३६ च्या 'संत तुकाराम'चे दिग्दर्शक झाले.

त्याच १९३२ मध्ये तेलुगूतला पहिला बोलपट 'भक्त प्रह्लाद' आला. दिग्दर्शक एच. एम. रेड्डी, निर्माते पुन्हा अर्देशीर इराणी, कलावंत सुरभी नाटक मंडळीतले, आणि चित्रपट तयार झाला तो मुंबईत. घरात एक भाषा आणि बाजारात दुसरी बोलणाऱ्या आपल्या गावाला हे आवडावे. आपल्या दोन्ही भाषा पडद्यावर एकाच वर्षी बोलू लागल्या.

फाळक्यांची गोष्ट मात्र मनाला लागते. त्यांचा 'सेतुबंधन' मूकपट म्हणून सुरू झाला आणि तयार होईपर्यंत जमाना बोलपटांचा झाला. मग मुक्या चित्राला नंतर आवाज जोडण्याचा खटाटोप करावा लागला. ज्यांनी आपल्याला हलते चित्र दिले, त्यांनाच ओठांमागून आवाज धावताना पाहावे लागले. बोलपट म्हणूनच काढलेला त्यांचा चित्रपट एकच, १९३७ चा 'गंगावतरण'.

सव्वा फुटाचे अंतर

आता थोडे यंत्राच्या पोटात जाऊ. सिनेमाच्या फिल्मवर चित्र आणि त्याचा आवाज शेजारी शेजारी नसतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आवाज आल्यावर वेग ठरवून टाकावा लागला. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला दीड फूट चालणार. पण प्रोजेक्टरच्या दिव्यासमोर फिल्म सलग चालत नाही. एक फ्रेम येते, क्षणभर थांबते, मग पुढची येते. थांबली नाही तर पडद्यावर नुसते पट्टे दिसतील. आवाजाचे उलटे आहे. फिल्म झटक्याझटक्याने चालली तर आवाज थरथरेल, त्याला सलगच चाल हवी. एकाच जागी फिल्म थांबवायची आणि चालवायची, हे शक्य नाही. म्हणून आवाज वाचणारा भाग दिव्याच्या खाली ठेवला आणि मध्ये फिल्मची सैल कमान सोडली. हाच ऑपरेटर लोकांचा 'लूप'. त्यामुळे प्रत्येक चित्राचा आवाज त्या चित्राच्या सुमारे २० फ्रेम पुढे छापलेला असतो. २० फ्रेम म्हणजे १५ इंच, सव्वा फूट. लहान १६ मिलिमीटरच्या फिल्मवर तो २६ फ्रेम पुढे असतो.

ऑपरेटरने लूप मोठा सोडला की आवाज मागे पडे, लहान सोडला की आवाज चित्राच्या आधी येई. वडील सांगत की जत्रेतल्या तंबूच्या सिनेमात लोक "आवाज! आवाज!" म्हणून ओरडले, की ऑपरेटर मशीन थांबवून फिल्म पुन्हा बसवी. तो काय करीत असे, हे वडिलांना कळत नव्हते. मला ते पॉलिटेक्निकमध्ये कळले. तो दोन बोटांनी लूप मापत होता.

आणखी एक गंमत आहे. आवाज फिल्मवरच असल्यामुळे फिल्म तुटून दोन-चार फ्रेम गेल्या, तरी गडबड टिकते ती सेकंदभरसुद्धा नाही. सांधा दिव्यापासून सव्वा फूट खाली सरकला की चित्र आणि आवाज पुन्हा आपोआप जुळतात. तबकडीत जी चूक रीळभर चाले, ती इथे पापणी लवेपर्यंत बरी होते. दोघांना एकाच पट्टीवर ठेवण्याचा फायदा तो हा.

तंबूत मेळ अगदी तंतोतंत असला, तरी तो सगळ्यांना सारखा मिळत नसे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे एका फ्रेमच्या वेळात सुमारे ४७ फूट. स्पीकर पडद्याजवळ असतो. त्यामुळे ४७ फुटांवर बसलेल्याला आवाज एक फ्रेम उशिरा आणि शंभर फुटांवर उभ्या असलेल्याला दोन फ्रेम उशिरा ऐकू येतो. तरी कुणी तक्रार करीत नाही, कारण या उशिराची आपल्याला जन्मापासून सवय आहे. शेताच्या पलीकडच्या बांधावर कोणी कुऱ्हाड मारतो, ती लागलेली आधी दिसते आणि ठोका मागून येतो. वीज आधी, गडगडाट नंतर. आवाज आधी आणि वीज नंतर, असे निसर्गात कधी होत नाही. म्हणून आवाज थोडा मागे राहिलेला मन चालवून घेते, पुढे गेलेला लगेच खटकतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९८ मध्ये दूरदर्शन प्रसारणासाठी जी मापे दिली, त्यांतही हेच दिसते. आवाज ४५ मिलिसेकंद पुढे गेला तरी प्रेक्षकाला जाणवतो, मागे मात्र १२५ मिलिसेकंद राहीपर्यंत जाणवत नाही.

क्लॅप, पार्श्वगायन आणि डबिंग

एकाच फिल्मवर चित्र आणि आवाज टिपले, की मेळ राहतो पण संकलन अवघड होते. कापायचे तर चित्र एका जागी आणि त्याचा आवाज दुसऱ्या जागी. म्हणून स्टुडिओंनी पुढे आवाजाची फिल्म वेगळी केली. वेगळी केली तर जुळवायची कशी? त्यासाठी आली ती काळी-पांढरी पाटी, क्लॅप. पाटीची दोन लाकडे एकमेकांवर आपटतात. ती मिटलेली फ्रेम चित्रात दिसते, 'टक्' असा ठोका आवाजात सापडतो. एकावर एक ठेवले की पुढचे सगळे जुळते. एवढा मोठा धंदा लाकडाच्या दोन पट्ट्यांवर उभा आहे.

१९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने 'धूप छाँव'मध्ये पार्श्वगायन आणले. आता गाणे आधी मुद्रित व्हायचे, सेटवर वाजवायचे आणि नटाने त्यावर ओठ हलवायचे. पुढे गोंगाट करणारे कॅमेरे आणि बाहेरचे चित्रण वाढले, तसे नुसते गाणेच नव्हे तर संवादही नंतर स्टुडिओत भरायची रीत पडली. तेच डबिंग. नटाला आपलेच दृश्य पुन्हा पुन्हा दाखवायचे आणि त्याने आपल्याच ओठांवर आपलाच आवाज बसवायचा. ही सवय आपल्या सिनेमाला इतकी लागली की २००१ च्या 'लगान'ने चित्रणाच्या वेळचाच आवाज वापरला, तेव्हा त्याची बातमी झाली.

भाषा बदलून डबिंग करणाऱ्यांची कसोटी याहून मोठी. आपण सगळे तेलुगू चित्रपट हिंदीत आणि हिंदी तेलुगूत पाहत आलो आहोत. त्यात कधी ओठ खटकतात, कधी नाही. त्यामागचे कारण आपल्या बाराखडीत आहे. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण. ते उच्चारताना ओठ मिटावेच लागतात. बाकी अक्षरे तोंडाच्या आत तयार होतात आणि बाहेरून फारशी ओळखू येत नाहीत. म्हणून चांगला डबिंग लेखक पडद्यावर ओठ जिथे मिटतात, तिथे प-वर्गातले अक्षर येईल असा शब्द शोधतो. तेवढे साधले की कान फसतो.

कॅसेट, सीडी आणि मोबाइल

आमच्या पिढीचा सिनेमा तंबूतला नव्हता, भाड्याच्या व्हीसीआरवरचा होता. गणपतीत एका रात्री तीन कॅसेटी आणि एक जनरेटर. तेव्हा महामार्गाचा क्रमांक ७ होता, आज ४४ आहे. रस्त्यावरून रात्रभर ट्रक जात आणि आम्ही मंडपात पहाटेपर्यंत बसून असू.

व्हीएचएस कॅसेटमध्येही चित्र आणि आवाज वेगवेगळ्या जागी असतात. चित्र फिरत्या ढोलावरची हेडे तिरक्या रेघांत लिहितात, तर साधा आवाज टेपच्या कडेला एक स्थिर हेड लिहिते. दोघांत सुमारे ७९ मिलिमीटरचे अंतर, म्हणजे आपल्याकडच्या साध्या वेगाला ३.४ सेकंद. सगळ्या मशीनमध्ये हे अंतर सारखेच ठेवलेले, म्हणून एका मशीनवर भरलेली कॅसेट दुसऱ्यावर नीट चाले. टेप चुरगळली, ताणली, चित्रात मुंग्या आल्या, तरी ओठ आणि आवाज यांची फारकत होत नसे. दोघे एकाच टेपवर होते.

टीव्हीने आणखी एक बारीक फरक आणला होता. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, आपला टीव्ही २५ चा. त्यामुळे सिनेमा टीव्हीसाठी किंचित जोरात चालवत. अडीच तासांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपे आणि गाण्याची पट्टी थोडी चढे. दोन्ही एकत्रच जोरात चालत, म्हणून मेळ कायम राही. पण आज कोणी एका प्रतीतले २५ फ्रेमचे चित्र आणि दुसऱ्या प्रतीतला २४ फ्रेमच्या हिशेबाचा आवाज एकत्र केला, तर तासाभरात दोन मिनिटांहून जास्त अंतर पडते.

फारकत पुन्हा सुरू झाली ती कॉम्प्युटरमुळे. कॉम्प्युटर चित्राची एक रांग करतो आणि आवाजाची दुसरी, आणि दोन्ही वेगळ्या मोजतो. कॅसेट चालवून तो भरून घेत असताना टेप खराब निघाली, चित्राचा सिग्नल तुटला, तर त्याच्या काही फ्रेम गळतात. आवाज मात्र भरलाच जातो. एक फ्रेम गळली की ४० मिलिसेकंद गेले. चित्राची रांग आखूड होते, म्हणून चित्र पुढे धावते आणि आवाज मागे राहतो. तबकडीचे जुने दुखणे सीडीच्या रूपाने परत आले, ते असे.

थिएटरवाल्यांनी यावर तोड काढली होती. १९९३ च्या 'ज्युरासिक पार्क'बरोबर डीटीएस पद्धत आली. तिच्यातही आवाज वेगळ्या सीडीवर असे. पण फिल्मच्या कडेला बारीक टिंबा-रेघांत वेळेची खूण छापलेली असे आणि यंत्र ती वाचत राही. मधल्या फ्रेम फाटल्या, तर सीडी तेवढी उडी मारून चित्राला गाठी. दोघांना वेगळे ठेवायचे, तर दोघांकडे एकच घड्याळ हवे. सगळ्या इतिहासाचे सार एवढेच आहे.

गुरुजींचे कीर्तन

आता काकूंच्या सीडीकडे वळतो. असा बिघाड तीन प्रकारचा असतो. पहिला, अंतर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखेच. हा सोपा. सगळा आवाज तेवढाच पुढे-मागे सरकवायचा. कॉम्प्युटरवर व्हीएलसीमध्ये चित्रफीत लावून 'जे' आणि 'के' ही बटणे दाबली, तरी आवाज ५०-५० मिलिसेकंदांनी सरकतो. ब्लूटूथ स्पीकरमुळे पडणारे अंतरही याच जातीचे. जिवंत देखाव्याच्या वेळी मावळ्याची तलवार आधी आणि खणखणाट नंतर होऊ नये म्हणून चित्र दाखवणाऱ्या यंत्राला स्पीकर वायरनेच जोडावा. दुसरा, अंतर हळूहळू एकसारखे वाढत जाते. इथे दोन घड्याळांचे वेग वेगळे असतात, म्हणून आवाज हिशेबाने ताणायचा किंवा आवळायचा. तिसरा, अंतर पायऱ्यापायऱ्यांनी वाढते. हा सर्वांत चिवट.

आपली सीडी तिसऱ्या जातीची निघाली. पंचविसाव्या मिनिटाला आवाज १.२ सेकंद मागे, चाळिसाव्यालाही तेवढाच, आणि पन्नासाव्याला एकदम २.६ सेकंद. १ तास ४० मिनिटांच्या शेवटी ४.२ सेकंद. म्हणजे १०५ फ्रेम गळाल्या होत्या, अकरा ठिकाणी. मूळ कॅसेट मागवून पाहिली तर तिला पांढरी बुरशी धरलेली. ती पुन्हा चालवण्यासारखी नव्हती.

क्लॅपची पाटी १९९६ साली कोण वापरणार? पण देवाची कृपा, कीर्तनात टाळ होते. टाळ एकमेकांवर आदळतो तो दिसतो आणि ऐकूही येतो. मागे उभे राहून आम्ही मुलांनी जे टाळ कुटले, ते अठ्ठावीस-तीस वर्षांनी माझ्या कामाला आले. टाळ नव्हता तिथे प-वर्ग होता. "पांडुरंग", "माउली", "बाबा" म्हणताना गुरुजींचे ओठ मिटत. ते मिटलेले ओठ आणि तो शब्द जुळवून मी प्रत्येक तुटीची जागा शोधली.

पुढचा प्रश्न तंत्राचा नव्हता. चित्राच्या १०५ फ्रेम कायमच्या गेल्या आहेत, त्या परत येणार नाहीत. मग मेळ घालायचा तर एक मार्ग असा की तेवढाच आवाजही कापायचा. तो सोपा होता आणि पाहणाऱ्याला कळलेही नसते. पण त्यात गुरुजींचे शब्द जाणार. एका जागी तर ओवीचा अर्धा चरणच जात होता. दुसरा मार्ग शंभर वर्षांपूर्वीच्या काळ्या फ्रेमांचा. मी तो धरला. काळ्या फ्रेमांऐवजी शेवटची शाबूत फ्रेम तितका वेळ थांबवून ठेवली. त्यामुळे अकरा जागी गुरुजी क्षणभर स्तब्ध होतात. एका जागी हात वर केलेले ते तब्बल १.४ सेकंद तसेच राहतात आणि त्यांचा आवाज पुढे चालू राहतो.

या वर्षी आषाढात लॅपटॉप घेऊन काकूंकडे गेलो. त्यांनी पूर्ण कीर्तन पाहिले. हात थांबला तिथे विचारले, "इथं काय झालं?" मी सांगितले की इथले चित्र नष्ट झाले आहे, आवाज शाबूत आहे. त्या म्हणाल्या, "आवाज आहे ना, मग राहू दे." पुढे बराच वेळ काही बोलल्या नाहीत. शेवटच्या आरतीला त्यांनी बसल्या जागी हात जोडले.

मला वाटते, त्यांनी योग्य तेच सांगितले. १९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, आपण इकडे राहिलो. आधी आंध्र प्रदेश, २०१४ पासून तेलंगणा. आपली मुले तेलुगू आणि इंग्रजीत शिकतात, त्यात वावगे काही नाही. पण या गावातली मराठी कशी बोलली जात होती, तिचा हेल कसा होता, हे त्यांना पुस्तकातून कळणार नाही. ते अशाच आवाजांतून कळेल. गुरुजींचे फोटो घरोघरी आहेत. त्यांची बोली मात्र या एका सीडीवर आहे.

म्हणून सर्व कुटुंबांना विनंती आहे. घरात जुन्या कॅसेट असतील तर पावसाळ्याची ओल लागण्याआधी त्या उतरवून घ्या. उतरवल्यावर शेवटची पाच मिनिटे जरूर पाहा, कारण बिघाड सुरुवातीला दिसत नाही. सीडी झाली म्हणून मूळ कॅसेट टाकू नका. घरातल्या थोरांचे बोलणे मोबाइलवर टिपत असाल, तर सुरुवातीला आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर एकेक टाळी वाजवा. सुरुवातीच्या टाळीने पुढे कोणालाही मेळ घालता येईल आणि शेवटच्या टाळीने तो टिकला की नाही, हे तपासता येईल.

या उत्सवात पाचव्या दिवशी रात्री आरतीनंतर ते कीर्तन पुन्हा लावणार आहोत. ते सुरू होण्याआधी १९९६ चा आपलाच जयघोष आहे. तेव्हा गुरुजींच्या ओठांकडे नीट पाहा. "गणपती बाप्पा मोरया" या तीन शब्दांत प, बा, प्पा, मो असे चार वेळा ओठ मिटतात. चारही वेळा आवाज जागेवर आला, तर समजा की काम बरे झाले. नाही आला, तर मला सांगा. आणखी एखादा रविवार लावतो.